माशांच्या टाकीतल्या रोपांची पानं विरघळतायत, पिवळी पडतायत? औषध शोधण्याआधी हे तपासा

मोर्शी तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. काउंटरवर संत्र्याची डहाळी किंवा कपाशीचं पान घेऊन माणसं येतात, ते रोजचंच. अलीकडे मात्र प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि त्यात काळपट, चिकट झालेलं जावा फर्न घेऊन पोट्टे यायला लागलेत. "भाऊ, हे काहून सडून राह्यलं? काही औषध द्या ना." माझ्या घरी बरीच वर्षं झाडांच्या टाक्या आहेत हे गावाला माहीत आहे, त्यामुळे ही ओपीडी माझ्याकडेच भरते. तक्रारी वेगवेगळ्या, पण कारणं फिरून तीच निघतात: पाणी, ऊन आणि घाई. खताची बाटली लागलीच तर अगदी शेवटी लागते, आणि पुष्कळांना ती लागतच नाही.

पुढे जाण्याआधी एक पक्कं करून घ्या. विरलेलं, भोकं पडलेलं पान पुन्हा धड होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांकडे पाहून कळायचं नाही. शेंड्यातून किंवा मधल्या गाभ्यातून जे नवं पान निघतं, ते कसं आहे ते पाहा. आणि एका वेळी एकच बदल करा, मग किमान दोन आठवडे हात लावू नका. लाइट बदलला, खत टाकलं, पाणी बदललं, झाडं उपटून दुसरीकडे लावली, हे सगळं एकाच रविवारी केलं तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे झाला, दोन्हीचा पत्ता लागत नाही.

लक्षणं: तुमचं यातलं कोणतं?

नवीन आणलेलं रोप आठवड्याभरात काचेसारखं पारदर्शक होतं, बोट लावलं की पान विरतं. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तपासणी १ ते ३ मध्ये ती बहुधा सुटते.

जुनी, खालची पानं पिवळी आणि वरची ठीक. किंवा उलटं: जुनी हिरवी आणि नवीनच फिकट, फक्त शिरा हिरव्या. किंवा जुन्या पानांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं, भोकाभोवती पिवळी कड. या तिन्ही अन्नद्रव्यांच्या खुणा असू शकतात, पण थेट तपासणी ८ वर उडी मारू नका. आधीच्या चुकल्या असतील तर खत टाकून फक्त शेवाळ वाढेल.

पानांवर पांढरट खरखरीत थर, नखानं खरवडला की चुन्यासारखी पूड निघते: तपासणी ७.

देठ लांबलचक, पानं दूर दूर, खालचा भाग उघडा. किंवा पानांच्या कडांना काळे केस आणि काचेवर हिरवा लेप: तपासणी ५.

सगळी रोपं, सगळ्या जातींची, दोन-तीन दिवसांत एकदम बसली: तपासणी ४ वाचा आणि मग सरळ शेवटच्या भागाकडे जा. असं रोगानं होत नाही, बाहेरून काहीतरी पाण्यात पडलेलं असतं.

१. आधी ठरवा, मेलंय की जिवंत आहे

खर्च शून्य. रोप पाण्यातून काढा आणि बोटांनी दाबून पाहा.

अनुबियास आणि जावा फर्न यांना आल्यासारखा एक आडवा कंद असतो. तो टणक आणि आतून हिरवा असेल तर एकही पान नसलं तरी झाड जिवंत आहे. बोट रुतलं, तपकिरी पाणी निघालं आणि सडक्या भाजीचा वास आला, तर तेवढा भाग नव्या ब्लेडनं कापून टाका. टणक भाग लागेपर्यंत कापत जा. कांडीएवढा तुकडा उरला तरी त्याला पुन्हा फूट येते, फक्त वेळ लागतो.

क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोराइन, हे तर फसवण्यात पटाईत झाड. जागा किंवा पाणी बदललं की ते सगळी पानं टाकून देतं आणि नवखा माणूस ते उपटून फेकून देतो. याची मुळं पांढरट आणि घट्ट असतील तर सडकी पानं बुडाशी कापा आणि रोप तिथेच राहू द्या. काही आठवड्यांत नवीन, जरा वेगळ्या आकाराची पानं येतात. ती त्या पाण्याची सवय झालेली असतात. मात्र बरं वाटतंय म्हणून ते पुन्हा उपटून नीट लावायला गेलात, तर सगळं पहिल्यापासून सुरू.

रोटाला, विस्टेरिया, बाकोपा यांसारख्या कांडीच्या झाडांचं खालचं देठ सडलं तर वरचा चार-पाच इंचांचा शेंडा कापून नवीन लावा, खालचं टाका. कांडीच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटतात, त्यामुळे यांना मारणंच अवघड.

सडकी पानं मात्र टाकीत ठेवू नका. ती कुजताना अमोनिया सोडतात, ऑक्सिजन खातात, आणि त्याचा मार माशांना बसतो.

२. ते पाण्यातलं झाड आहे का?

लकी बांबू हा बांबू नाही आणि पाण्यात बुडून जगणाराही नाही. पाय पाण्यात आणि पानं हवेत अशी त्याची राहणी. रंगीत, चकचकीत, जाड पानांची बरीच कुंडीतली रोपंसुद्धा 'टाकीचं झाड' म्हणून विकली जातात. ती महिना दोन महिने टिकतात, मग सडतात. यात तुमचा दोष नाही, पण त्यांना वाचवण्याचा उपायही नाही. काढून कुंडीत लावा.

खरी पाणवनस्पतीसुद्धा नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते, कारण तशी ती भराभर वाढते. ती पानं हवेसाठी बनलेली असतात. पाण्यात बुडवली की ती जातात आणि पाण्यातली नवीन येतात. म्हणून पहिल्या महिन्यातलं 'विरघळणं' हा बिघाड समजू नका. नवीन पान निघतंय ना, एवढंच पाहा.

आणि मागवायचीच असतील तर एप्रिल-मे टाळा. बंद डब्यात, तापलेल्या गाडीत दोन दिवस काढलेलं रोप घरी येतं तेव्हाच शिजलेलं असतं.

३. लावलं कसं?

माझ्याकडे येणाऱ्या सडक्या अनुबियासपैकी जवळपास सगळ्यांचा कंद रेतीत पुरलेला असतो. माणूस शेतकरी, झाड म्हटलं की मातीत लावणार, साहजिक आहे. पण या दोन झाडांचा कंद उघडाच राहायला हवा. मुळं तेवढी रेतीत गेली तर चालतात. दगडाला किंवा लाकडाला शिवणाच्या सुती दोऱ्यानं हलकं बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. बांधणं जमत नसेल तर फेविक्विकसारख्या इन्स्टंट ग्लूचा एक थेंब चालतो, तो पाण्यात घट्ट होतो आणि माशांना त्रास देत नाही.

अॅमेझॉन स्वोर्ड आणि वॅलिस्नेरिया यांची मुळं पुरायची, पण जिथून पानं फुटतात तो पांढरट गाभा वर दिसला पाहिजे. गाभा रेतीखाली गेला की मधली पानं आधी सडतात. हे लक्षण दिसलं तर झाड न उपटता बोटानं आजूबाजूची रेती बाजूला करा.

जुडी करून विकलेल्या रोपांना बुडाशी शिशाची पट्टी, रबर किंवा स्पंज असतो. तो काढा आणि कांड्या सुट्या करून दोन बोटांच्या अंतरानं लावा. जुडीच्या आत उजेड जात नाही, पट्टीखाली देठ दबतं, आणि सड तिथूनच वर चढते.

कोणी खातंय का तेही याच वेळी पाहून घ्या. गोल्डफिश असतील तर मऊ पानाचं झाड टिकायचं नाही, त्यांच्यासोबत अनुबियास किंवा जावा फर्नच ठेवा. गावाकडच्या टाक्यांत हिवताप विभागानं डासांसाठी वाटलेले गप्पी बरेच दिसतात. ते झाडांना काही करत नाहीत. गोगलगाईंवर उगाच आळ येतो. त्या बहुतेक करून आधीच सडलेलं पान खातात.

४. पाण्यात काय काय टाकलंत?

इथे माणसं आठवायला वेळ घेतात, म्हणून मी एकेक विचारतो.

मीठ टाकलं? माशाला पांढरे ठिपके दिसले की मूठभर खडे मीठ टाकायचा सल्ला हमखास मिळतो. माशाला ते सोसतं, बऱ्याच झाडांना सोसत नाही. निळं औषध, तांबंयुक्त औषध, तेही तसंच. आजारी मासा वेगळ्या बकेटमध्ये काढून तिथे औषध द्या.

लिक्विड कार्बन टाकलं? त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं, म्हणजे मुळात जंतुनाशक. शेवाळावर ते चालतं, पण वॅलिस्नेरिया त्यानं अक्षरशः विरघळतं, मॉसलाही मार बसतो.

नळाचं पाणी थेट भरलं? ग्रामपंचायत गावच्या विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, पावसाळ्यात जरा सढळ हातानं. ते टाकायलाच हवं, पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले आणि कोवळी पानं दोन्ही भाजतो. उघड्या ड्रममध्ये पाणी एक दिवस भरून ठेवलं, त्यात एअर पंपचा दगड सोडला, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी फिरवतात, ते पाणीही टाकीसाठी नको. तुरटीनं पाण्याचा आम्ल-अल्कली तोल ढळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बकेट कोणती वापरली? आपल्याकडे घरात एक तरी बकेट अशी असते, जिच्यात तणनाशक किंवा फवारणीचं औषध कालवलेलं असतं. ती दहा वेळा धुतली तरी टाकीसाठी वापरू नका. तणनाशक बनवलेलंच झाड मारायला आहे, कीटकनाशकाचा अंश मासे आणि झिंगे मारायला पुरतो. टाकीची बकेट, मग आणि पाइप वेगळे ठेवा आणि त्यांच्यावर रंगानं खूण करा, म्हणजे हंगामात गडीमाणूस चुकून उचलून नेणार नाही. फवारणीच्या दिवशी शेतातून आल्यावर हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नका.

५. उजेड किती तास आणि कोणता?

निळा-जांभळा शोभेचा लाइट असेल तर झाडांसाठी तो नसल्यात जमा. दोन फुटी टाकीला, कमी उजेडाच्या झाडांसाठी, ६५०० के लिहिलेला साधा नऊ ते बारा वॅटचा पांढरा एलईडी पुरतो. रोज ६ ते ८ तास. जास्त दिला तर झाड जास्त वाढेल असा समज असतो. वाढतं ते शेवाळ. देठ लांब आणि पानं विरळ असतील तर उजेड कमी पडतोय, दिवा जवळ आणा. काळे केस, हिरवा लेप असेल तर तास कमी करून सहावर आणा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टाकीची ती बाजू पुठ्ठ्यानं झाका.

गावातली खरी अडचण लोडशेडिंगची आहे. चक्रीचा स्वस्त टायमर लाइट गेली की तिथेच थांबतो आणि आली की पुढे चालू लागतो. चार तास लाइट गेली की त्याची वेळ चार तास मागे पडते. पंधरा दिवसांत टाकीचा दिवस मध्यरात्री उगवायला लागतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. टायमर लावलेला असेल तर आज घड्याळाशी जुळवून पाहा. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला तर ही कटकट मिटते. तो नसेल तर संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी लावायचा आणि झोपताना बंद करायचा असं ठेवा. ५ तास मिळाले तरी अनुबियास, फर्न, मॉस तग धरतात. रोज वेगवेगळ्या वेळी दहा तास देण्यापेक्षा ते बरं.

६. उन्हाळा

इथे थोडा वेळ थांबू, कारण विदर्भातल्या टाक्या मे महिन्यात जातात. बाहेर ४५ अंश, घरावर पत्रे, तर टाकीचं पाणी ३३-३४ वर सहज जातं. बहुतेक झाडांना २२ ते २८ मानवतं. गरम पाण्यात झाडाचं स्वतःचं श्वसन वाढतं, म्हणजे कमावतं त्यापेक्षा जास्त खर्च होतं. वर पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. उन्हाळ्यात एअर पंप रात्री चालूच ठेवा.

थर्मामीटर स्वस्त मिळतो, तो आधी घ्या. अंदाजानं चालू नका.

पाणी थंड करायला आपल्या हवेचा फायदा घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की कूलर मस्त चालतो. तोच हिशेब टाकीला लागू. वरचं झाकण काढा, जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनानं दोन-चार अंश उतरतात. टाकी कूलरच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असेल तर आणखी बरं. दुपारी लाइट बंद, दिवा लावायचा तो रात्री. बर्फाची बाटली टाकून पाणी झटकन थंड करणं नको. तासाभरात पाच अंशांची चढउतार झाडाला आणि माशाला एकसारखं ३१ अंश राहण्यापेक्षा वाईट.

पण पंखा लावला की पाणी उडतं, आणि ते वर भरताना माणसं फसतात. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, त्यातले क्षार टाकीतच राहतात. समजा १०० लिटरची टाकी आहे, रोज २ लिटर उडतात आणि तुम्ही रोज २ लिटर बोअरचं भरता. पन्नास दिवसांत १०० लिटर बोअरचे क्षार जादा जमा झाले, म्हणजे टाकीचं पाणी दुप्पट जड झालं. काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरी कड दिसते ती हीच. उडालेलं पाणी भरताना आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं भरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना मात्र मिश्रण वापरा, ते पुढे सांगतो.

७. बोअरचं पाणी

घरची पहिली चाचणी स्वयंपाकघरात आधीच झालेली असते. तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पापुद्रा धरतो? पाणी जड आहे. आमच्या भागात बोअर खोल खोल गेलेत, आणि दर्यापूरकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याला खारी चवच असते. नक्की आकडा हवा तर पेनसारखा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा मीटर घ्या, किंवा गावच्या आरओ प्लांटवाल्याकडे असतोच, त्याला मोजून मागा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं सांगतं. झाडांसाठी १५० ते ४०० मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

उपाय साधा आहे: आरओची एक कॅन आणि बोअरचं पाणी मिसळा. बोअर ८०० चं आणि आरओ ५० चं असेल तर निम्मं-निम्मं केल्यावर सव्वाचारशेच्या आसपास येतं. नुसतं आरओ भरू नका, झाडाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतंच. घरात पाणी मऊ करणारं सॉफ्टनर असेल तर त्यातलंही नको. ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं, टीडीएस फारसा हलत नाही आणि झाडाचं नुकसानच होतं.

वॅलिस्नेरिया आणि हायड्रिलाच्या पानांवर येणारा पांढरा थर हाही जड पाण्याचाच. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ही झाडं बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात आणि उरलेला चुना पानावर बसतो. झाड मरत नाही, पान खरखरीत होतं. थर खरवडू नका, पाणी हलकं करा. नवीन पान स्वच्छ निघेल.

टाकीतली गिट्टी किंवा दगडच चुनखडीचा असेल तर कितीही आरओ भरा, पाणी पुन्हा जड होणार. एक खडा बाहेर काढा, कोरडा करा, त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो दगड टाकीतून बाहेर.

आणि पाण्याशी भांडायचंच नसेल तर झाडं इथली घ्या. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही आपल्याच तळ्यांतली. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधवांनी बेशरमाची झुडपं उपटून हीच झाडं पुन्हा लावली, मासळी परत यावी म्हणून. तिथल्या उन्हात जे टिकतं ते तुमच्या बैठकीतही टिकेल. तलावातून आणायचं तर ज्या मत्स्य संस्थेकडे तो तलाव आहे तिला विचारून मूठभर आणा आणि आठवडाभर वेगळ्या बकेटमध्ये ठेवा. जळू, चतुराच्या अळ्या, जे काय असेल ते तिथेच कळतं.

८. आता खत

वरचं सगळं ठीक असूनही नवीन पान नीट निघत नसेल तरच इथे या. शेतकऱ्याला हे शिकवायला लागत नाही. जुनं पान आधी पिवळं पडलं तर नत्र, कारण झाड ते जुन्यातून काढून नव्याला देतं. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या तर लोह, कारण ते झाडाला हलवता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याचा शेंडा जसा पिवळा पडतो तेच हे, आणि कारणही तेच: लोह असतं, पण अल्कधर्मी पाण्यात झाडाला घेता येत नाही. जुन्या पानांना बारीक भोकं म्हणजे पालाश.

दुकानात सगळी खतं हाताशी आहेत म्हणून सांगतो, युरिया, डीएपी, १९:१९:१९ यातलं काहीही टाकीत टाकू नका. युरिया आणि अमोनियमचं नत्र पाण्यात अमोनिया बनतं, आणि आपल्या अल्कधर्मी पाण्यात तो माशांना जास्तच विषारी. शेणखतही नाही. चालणारं एक आहे: १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १०० लिटरला १ ग्रॅम टाकलं तर लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. नवख्यानं आठवड्याला अर्धा ग्रॅमच द्यावा, पाणी बदलल्यावर, आणि सोनाराच्या काट्यासारखं मोजून. चिमटीचा अंदाज इथे चालत नाही. मासे भरपूर असतील तर नत्र त्यांच्या विष्ठेतूनच मिळतं, मग हेही नको.

लोहासाठी चिलेट, म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, घ्यावं लागतं. त्यातलं ईडीटीए प्रकारचं आपल्या पाण्यात लवकर तुटतं. डीटीपीए बरं, ईडीडीएचए अल्कधर्मी पाण्यातही टिकतं, फक्त पाणी लालसर होतं. फवारणीच्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं असतं आणि झिंगे त्यानं मरतात, म्हणून टाकीसाठी ती बाटली नको.

९. तळाची रेती

सगळ्यात कष्टाचं काम, म्हणून शेवटी. रेतीत काडी खुपसल्यावर बुडबुडे येऊन सडक्या अंड्याचा वास आला, तर तळ गुदमरलाय. थोडा थोडा भाग दर आठवड्याला काडीनं मोकळा करा, एकदम सगळा उकरू नका. शेतातली काळी माती टाकली असेल तर ती पाण्यात फुगते, गढूळ करते आणि बसतच नाही. ती काढून धुतलेली नदीची रेती दीड-दोन इंच भरा. हे करताना मासे जुन्या पाण्यात वेगळे ठेवा आणि फिल्टरचा स्पंज त्याच जुन्या पाण्यात धुवा, नळाखाली नाही.

कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नवख्यानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. वर लिहिलेल्या झाडांना ते लागत नाही.

इथे थांबा

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं, मग इलेक्ट्रिशियनला बोलावणं. फिल्टर, हीटर, दिवा, काही उघडून पाहू नका. गावाकडे अर्थिंग अनेकदा नावापुरतं असतं. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब ओघळत प्लगमध्ये जाणार नाही.

काचेच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर वरून सिलिकॉन चोपडून भागत नाही. टाकी रिकामी करा आणि टाकी बनवणाऱ्याकडेच द्या.

सगळी झाडं आणि मासे एकाच वेळी गेले आणि फवारणीच्या औषधाची शंका असेल, तर ती टाकी वाचवण्याच्या मागे लागू नका. हातमोजे घाला. ते पाणी गोठ्याजवळ, विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका, जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. घरातल्या कोणाला मळमळ, चक्कर, घाम असं काही होत असेल तर आधी दवाखाना. सडलेली किंवा नको असलेली झाडं कधीच तलावात, नाल्यात टाकायची नाहीत. वाळवून खड्ड्यात पुरा; जलपर्णीनं आपल्या तळ्यांचं काय केलंय ते समोर आहे.

पाणी बदलूनही महिना-दोन महिने नवीन पान धड येत नसेल तर बोअरच्या पाण्याची पूर्ण तपासणी करून घ्या. जिल्ह्यातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. मासे आजारी असतील तर नागपूरला तेलंगखेडीत मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. नमुना नेताना एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. बोअरचं असेल तर मोटर आधी दहा मिनिटं चालू द्या. टाकीचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या, वर तारीख आणि कोणतं पाणी ते लिहा, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.